झाडेकाकांच्या विहिरीचं पाणी

आमच्या गल्लीचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. सकाळी डोळे उघडायच्या आत त्यावर कोमट पाणी, लिंबू, मेथीदाणे आणि सूर्यनमस्कार येऊन पडलेले असतात. त्यामागोमाग खबरी: आज नळ उशिरा, कचऱ्याची गाडी येऊन गेली, अमक्यांचं मांजर हरवलं, तमक्यांच्या नातवाला नोकरी लागली. मी चष्मा लावून सगळं वाचते, कुणाला अंगठा देत नाही आणि मनातल्या मनात लाल पेन घेऊन बसते. मास्तरची मुलगी आहे, काय करणार! परवा एका बाईंनी लिहिलं की बोअरचं पाणी उकळू नये, उकळलं की त्यातले गुण जातात. खाली हात जोडणाऱ्यांची ही भलीमोठी रांग. मला इतका संताप आला, की आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. मग पाठवलंच नाही, पुसून टाकलं. तेवढ्याशा चौकटीत ते मावणारं नव्हतं. म्हणून ते इथे लिहिते आहे.

असा ग्रुप आमच्या गल्लीत माझ्या लहानपणीही होता, फक्त तो आमच्या कुंपणाच्या भिंतीवर होता. प्रताप नगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, आणि प्लॉटांमध्ये बाभळी आणि डुकरं. बाबा शाळामास्तर. त्यांनी भिंतीचा एक तुकडा काळ्या रंगाने रंगवून घेतला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'गल्लीची खबर'. रोज पहाटे वंदना झाली की ते खडू घेऊन बाहेर जात. वरच्या अर्ध्या भागात खबर आणि खाली 'घरचे आरोग्य'. ताक कधी प्यावं, आंबील कुणी प्यावी, उन्हातून आल्यावर लगेच पाणी का पिऊ नये, कांदा खिशात ठेवल्याने खरंच ऊन लागत नाही का. खडूचा तो भिंतीवरचा कुरकुर आवाज, आत आईच्या स्टोव्हची भरभर आणि पलीकडे झाडेकाकांच्या विहिरीवरच्या कप्पीची किरकिर, हे तीन आवाज ऐकू आले की मी उठायची. बाबांचा एक नियम होता, भिंतीवर कुणाला बोल लावायचा नाही. कुणाचं गटार तुंबलं तर ते 'आपण सर्वांनी गटारे स्वच्छ ठेवावीत' असं लिहीत, आणि ज्याचं तुंबलं तो सोडून सगळे आपापली गटारं साफ करत. आई यावरून त्यांना फार चिडवायची.

झाडेकाका आमचे शेजारी. मूळचे शेतकरी, गावाकडे जमीन भाऊ करत होते, हे नोकरीपायी नागपुरात आले आणि प्लॉट घेतल्याबरोबर घराच्या आधी विहीर खणली. गोड पाणी लागलं. त्या पाण्यात तुरीची डाळ अशी शिजायची की वरणाला घोटणी लावावी लागत नसे. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या दिवशी आई रिकामी घागर घेऊन त्यांच्या फाटकाशी उभी राहिली होती. आत गेली नाही. आम्ही बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण आईच्या माहेरच्या गावात तिच्या आईने विहिरीपासून लांब उभं राहून, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी घेतलेलं तिने पाहिलं होतं. पाय आपोआप फाटकाशी थांबले, असं ती सांगायची. झाडेकाका बाहेर आले, तिच्याकडे पाहिलं, आणि विहिरीवरचा दोर आणून तिच्या हातात दिला. म्हणाले, "वहिनी, मी रोज काढून देणार नाई बरं. तुमचं तुमी काढत जा." त्यांच्या गावाहून आलेल्या भावकीने पुढे त्यावरून खूप तमाशा केला. काकांनी त्या लोकांना त्याच विहिरीचं पाणी पाजलं आणि रवाना केलं. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली, की काकांचं नाव निघालं की बाबा बसल्या जागी सरळ होऊन बसत.

झाडेकाकू लवकर गेल्या. मागे एकच मुलगी, सुनंदाताई. तिचं लग्न झालं तेव्हा मी पोरकी झाले होते, कारण माझ्या केसांना तेल लावणारी, मला परकर शिवून देणारी ती एकटीच होती. आईला कामापुढे वेळ कुठला! त्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. काकांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, तिची माय आता तुमी." आईने मान हलवली आणि त्या दिवसापासून डिंक, खोबरं, खारका असं काहीबाही डब्यांत जमवायला लागली. काकांनी तर लेकीसाठी मागच्या आवारात नवीन संडास बांधून घेतला. जुना पार कुंपणाच्या टोकाला होता. अवघडलेल्या पोरीने रात्री-अपरात्री तिकडे कसं जावं? विटा स्वतः वाहिल्या, टाकीचा खड्डा खणताना मजुरांबरोबर स्वतः उतरले. सुनंदाताईला दुसरे डोहाळे नव्हते. तिला एकच लागायचं, विहिरीचं ताजं, वाळा घातलेलं पाणी. काका सकाळी दोर सोडत, पहिली बादली ओढत आणि पहिला पेला तिला नेऊन देत. ती एका घोटात संपवायची आणि म्हणायची, "बाबा, पोटात पोहून राहिलं वाटते." काका लहान मुलासारखे हसत.

नळाला त्या दिवसांत नुसती करंगळीएवढी धार यायची. बाबांनी भिंतीवर लिहिलं की झाडे यांच्या विहिरीचे दार सर्वांस उघडे आहे. विहिरीचे पाणी वाळा घालून प्यावे, पोट थंड राहते. अर्धी गल्ली घागरी घेऊन तिकडे लोटली. आणि मग आमचा मिलिंद, माझा धाकटा भाऊ, जेवेनासा झाला. पुढ्यातला गोळाभात ढकलून दिला, तेव्हाच आईच्या कपाळाला आठी पडली, कारण गोळाभातासाठी हा मुलगा शाळेतून पळून यायचा. दोन दिवसांत डोळे पिवळेधमक. समोरच्या भोयरकाकूंचा थोरलाही त्याच आठवड्यात आडवा झाला. भोयरकाकूंनी त्याच्या गळ्यात कुणाकडून तरी काविळीची माळ आणून घातली. कावीळ उतरत जाते तशी ती माळ लांब होत जाते म्हणे. बाबांनी मिलिंदला डॉक्टरकडे नेलं. सोबत आई आणि मी. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी खाली ओढली आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आई म्हणाली, विहिरीचं. "विहिरीच्या आसपास नवीन काही खोदकाम, संडास वगैरे?" आईने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी आपल्या चपलांकडे.

संध्याकाळी चूल, म्हणजे स्टोव्ह, पेटलाच नाही. मिलिंद बाजेवर निजलेला, मी त्याच्या उशाशी उसाचा रस घेऊन बसलेली. आई दारात उभी होती.

"उद्या भिंतीवर लिहा," ती म्हणाली. "झाडेभाऊच्या विहिरीचं पाणी पिऊ नोका, असं सरळ लिहा."

"असं कसं लिहू वं?"

"काहून? खडू संपला का?"

बाबांनी आवाज खाली आणला. भिंतीपलीकडे काकांच्या खोकल्याचा आवाज येत होता. "अख्ख्या गल्लीत त्या मानसानं दोर तुह्या हातात देला. आपल्यापायी भावकी तोडली त्यानं. आता मीच चारचौघात लिहू, का त्याचं पाणी खराब हाये? आपण? आपल्या तोंडून 'पाणी बाटलं' निघालं त लोकं काय अर्थ काढतीन?"

"लोकं काय काढायचा तो अर्थ काढो. सुनंदा तेच पिऊन राहिली. पोटुशी बाईले कावीळ झाली का काय होते, तुमाले डॉक्टरनं सांगतलं ना?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते, मीही ऐकलं होतं. पोटुशीला ही कावीळ झाली तर ती सहसा सोडत नाही, असं ते निघताना म्हणाले होते. मला एकाएकी फार भीती वाटली. बाबा म्हणाले, "पाहतो."

बाबांचं ते 'पाहतो' आजही माझ्या कानात आहे. चांगली माणसं अडचणीत सापडली की हा शब्द वापरतात. माझ्या बाबांइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि तरी मला आज वाटतं की त्या रात्री ते थोडे कमी उपकृत असते तर बरं झालं असतं.

सकाळी भिंतीवर सुंदर अक्षरांत लिहिलेलं होतं: 'गल्लीत काविळीची साथ आहे. नळाचे व इतर पाणी उकळून, गाळून प्यावे. उघड्यावरचे खाऊ नये.' बोल कुणालाच नाही. आणि मग जे घडलं ते आमच्याच गल्लीत घडू शकत होतं. नियम सगळ्यांना पाठ होता. गुरुजी नाव घेत नाहीत तेव्हा ओळींच्या मधलं वाचायचं असतं. लोकांनी वाचलं, नळ खराब झाला. उकळायला घासलेट कुणाकडे होतं! ऊन चढायच्या आत झाडेकाकांच्या फाटकात ही गर्दी. जे आजवर नळाचं पीत होते तेही पितळी गुंड, गंज, बादल्या घेऊन आले. भोयरकाकू सगळ्यांच्या पुढे. "गुरुजीनं लिहिलं ना, नळाले घाण येऊन राहिली," त्या सांगत होत्या. "आता विहिरीचंच भरा बाप्पा, उकळाची कटकट नाई." काका घामाघूम होऊन एकेकाला बादली ओढून देत होते आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

आईने ते खिडकीतून पाहिलं. पदर खोचला आणि चालू लागली. बाबा मागून "अवं, थांब" म्हणाले, ती थांबली नाही. मी तिच्या मागे. ती गर्दीतून थेट विहिरीच्या कठड्याशी गेली आणि दोरावर हात ठेवला.

"भाऊ, हे पाणी कोणाले देऊ नोका. डॉक्टरनं इचारलं मले. तुमची नवी टाकी इथून किती जवळ हाये पाहा. मिलिंदले यानंच झालं. भोयरबाईच्या पोराले यानंच झालं."

कप्पी थांबली. काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागाहून वाईट होतं.

"वहिनी, तुमी? माह्या पाण्याले तुमी नाव ठेवून राहिल्या? तुमच्यासाठी म्या सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं."

"म्हणूनच आली," आई म्हणाली. तिचा हात दोरावरून निघाला नाही. "दुसऱ्या कोणाची विहीर असती त मी घरात दार लावून बसली असती. मले काय पडलं होतं! माह्या मायेले लोकं वरून पाणी ओतत. तुमी दोर हातात देला. मंग तुमाले नाई सांगू त कोणाले सांगू? सुनंदाले तरी हे देऊ नोका."

कुणीतरी मागून कुजबुजलं, "पाहा, आता हे लोकं शिकवतीन पाण्याचं." आईने ऐकलं, मीही ऐकलं. माझे कान तापले. आई मागे वळली नाही. काकांनी तिचा हात दोरावरून काढला नाही, पण स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "घरी जा वहिनी."

त्या दुपारी आमच्या दारात कुणी आलं नाही. भोयरकाकू रोज चिंच कुटून केलेली बुटुकली घेऊन गप्पांना यायच्या, त्याही नाहीत. बाबा शाळेतून आले, त्यांना फाटकातच कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. ते आत न येता खडू घेऊन सरळ भिंतीशी गेले. सगळा फळा पुसला आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'झाडे यांच्या विहिरीचे पाणी दूषित आहे. पिऊ नये. आधी हे पाणी प्या असे मी लिहिले होते, ती माझी चूक.' खाली सही केली. त्यांनी भिंतीवर सही केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

काका आले ते खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊनच. दुपट्ट्याने आधी स्वतःचं नाव पुसलं, मग बाकीचं. बाबा बाजूला हात बांधून उभे. पुसून झालं तेव्हा बाबांनी पुन्हा तेच लिहायला सुरुवात केली. काका पुन्हा पुसायला लागले. पन्नाशीचे दोन पुरुष, आयुष्यात एकमेकांना कधी वाकडा शब्द न बोललेले, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागत असताना लिहीत होते आणि पुसत होते. गल्लीतलं प्रत्येक दार उघडं होतं आणि कुणीच पुढे येत नव्हतं.

मग सुनंदाताई आली. एक हात कमरेवर, पाय जड. तिने भिंतीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि त्यांच्या मधून आमच्या पायरीवर येऊन बसली. "काकू," तिने आत हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मले तुमच्या घरचं उकळलेलं पाणी द्या." आईने पेला आणून दिला. तिने तो सगळ्या गल्लीसमोर, वडिलांच्या डोळ्यांत पाहत प्यायला. काकांच्या हातातला दुपट्टा खडूने पांढरा झाला होता. ते परत गेले. थोड्या वेळाने कप्पीची किरकिर ऐकू आली, पण वेगळी, उलटी. ते दोर सोडवून घेत होते. विहिरीवर त्यांनी लाकडी फळ्या टाकल्या आणि वर दगड ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ही कावीळ अंगात शिरल्यावर लगेच दिसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि सुनंदाताई आल्यापासून तेच पाणी पीत होती. आई तिला रोज सकाळी अंगणात उजेडात बसवायची, केस विंचरण्याच्या निमित्ताने, आणि हनुवटी धरून डोळे पाहायची. मीही पाहायची. पांढरे आहेत. आजही पांढरेच आहेत. काका कुंपणापलीकडून आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे. आई मान हलवायची, की ते आत जात. दोघांमध्ये तेवढंच बोलणं उरलं होतं. मिलिंद बरा होऊन भाकरी मागायला लागला तरी घरात कुणी हसलं नाही.

एका सकाळी आईने तिची हनुवटी धरली आणि सोडलीच नाही. मग कुंपणाकडे पाहिलं. यावेळी मान हलवली नाही.

भोयरकाकांनी कुठूनतरी जीप आणली. ज्यांनी आमच्याकडे यायचं सोडलं होतं ते सगळे जीपला हात लावायला आले. दवाखान्यात पोचेपर्यंत सुनंदाताई बडबडायला लागली होती; मला 'आई' म्हणत होती. डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं आणि बाहेर येऊन विचारलं, "ही पाणी कुठलं पीत होती?" व्हरांड्यात अर्धी गल्ली उभी होती. आई काही बोलायच्या आत काका पुढे झाले.

"माह्या विहिरीचं," ते म्हणाले. "तिथं टाकी मीच खणली. पाणीबी मीच काढत होतो, पयला पेला मीच पाजत होतो. या बाईनं मले सांगतलं होतं. म्या आईकलं नाई." एवढं बोलून ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. बाबा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. आई रडत होती. मी आईला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाळ गेलं. मुलगी होती. सुनंदाताई कितीतरी दिवस शुद्धीवर आली नाही, आणि डॉक्टरबाई आमच्याकडे पाहणं टाळायच्या. आई तिच्या उशाशी आणि काका दाराबाहेर. ते आत येतच नसत. आईने कितीदा सांगितलं, तरी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

मी डबा घेऊन गेले होते त्या दुपारी तिने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आपल्या पोटावर हात ठेवला आणि सगळं समजून तो तसाच ठेवला. मग ओठ हलले. पाणी. आईने आमच्या घरून आणलेल्या तांब्यातून पेला भरला आणि दाराकडे पाहून म्हणाली, "भाऊ, या. पाणी मागून राहिली."

काका दारात येऊन थबकले. त्यांनी दोन्ही हात मागे नेले. "तुमीच द्या वहिनी. माह्या हातानं नोका देऊ लावू."

सुनंदाताईने मान वळवायला किती वेळ लावला! आवाज तर नव्हताच, नुसता श्वास होता. "बाबा," ती म्हणाली, "तुमीच द्या."

आईने पेला काकांच्या हातात दिला. तो तिच्या ओठांशी नेताना अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं सुनंदाताईने घोट घोट करत सगळं प्यायलं, आणि रिकामा पेला त्यांच्याकडे करून म्हणाली, "आनखी द्या."